दुसऱ्या बाहीपाशी

आमचे शिंपीमामा मान खाली घालून कापड कापू लागले, की पाहणाऱ्याला वाटे, काय ही एकाग्रता! प्रत्यक्षात दुकानात फक्त त्यांचे हात असत. चौकड्या जुळाव्यात म्हणून चौकड्यांचं कापड दुमडून न घेता एकेरी कापतात. एक बाही कापली, की कागदी नमुना पालथा करून दुसरी. मामा पालथा करायला विसरत. वर्षभरात त्यांच्या हातून तीन कोट असे झाले, की दोन्ही बाह्या डाव्याच.

तिसऱ्या कोटानंतर मामींनी कात्री ताब्यात घेतली. दुकानात काजं-बटणं त्यांच्याकडे. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आणखी एक कोट देते. तोही बिघडला, तर कापणं माझ्याकडे आणि बटणं तुमच्याकडे. तीस वर्षं कात्री चालवलेल्या मामांची त्या दिवशी भूकच मेली.

त्यांनी मनाला दटावून पाहिलं. दटावता दटावता स्वतःच त्याच्यामागे फिरून आले. मग दटावणं सोडून त्यांनी पाळत ठेवली. मन गेलंय असं कळलं, की कात्री खाली, टेबलाच्या कडेला खडूची रेघ, आणि कुठे गेलं होतं ते मामींना सांगायचं. मामींकडून कात्री रोज तेवढ्यापुरती मागून जुन्या चादरींवर सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी बेचाळीस रेघा. त्यातल्या एकतीस वेळा मामा साडूशी भांडत होते. अकरा वर्षांपूर्वी साडू चारचौघांत म्हणाले होते, की शिवतं ते मशीन, हा नुसता शेजारी बसतो. त्याला चोख उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

"मग सुचलं का?" मामींनी विचारलं.

"सात-आठ सुचली. पण त्यांना झोंबेल असं एकही नाही."

भांडण नेहमी दुसऱ्या बाहीपाशीच जुंपे. पहिलीला डोकं लागे. दुसरीला हात म्हणत, आता आम्ही बघतो. डोकं रिकामं झालं, की साडू हजर.

शेवटच्या कोटालाही ते आलेच. मामांनी कात्री ठेवली, रेघ ओढली, साडूंना बोलू दिलं. ते थकल्यावर नमुना पालथा केला आणि कापलं.

कोट शिवून झाल्यावर मामींनी तो स्वतःच्या अंगात घातला, दोन्ही हात वर-खाली केले, आणि कात्री टेबलावर ठेवली.

"घ्या. आणि यापुढे दुसरी बाही कापायच्या आधीच भांडून मोकळे होत जा."