कडूबाईचं नाव आन दोन पिच्चर

नांदूरघाटच्या धनगरवस्तीवरल्या कडूबाईला पिच्चरचा नाद लई जुना. जत्रंत तंबूमधी पिच्चर लागायचा, तवापासूनचा. नवरा सटवा मेंढरं बसवायला कुणाच्या रानात गेला की ही सासूला म्हणायची, मीठ संपलं, आन बाजाराच्या नावानं थेट तंबूत. सासूला सगळं ठावं असायचं. घरी आली की म्हणायची, "मीठ राहू दे, गोष्ट सांग." तवापासून वस्तीवर रीतच पडली. पिच्चर आदी कडूबाईनं पाहायचा. तिनं बरा म्हणला तर बाकीच्यांनी जायाचं, नाक मुरडलं तर गपगुमान घरी बसायचं.

आता नाव कडूबाई कावून, तर तिच्या आदी आईची चार लेकरं गेलती. पाचवीला आईनं सटवाईम्होरं पदर पसरला आन पोरीचं नाव ठिवलं कडू. मरणानं तोंडात घातली तरी थुकून दील, म्हणून. आन थुकलं बी. बाईनं सत्तरी गाठली. नवऱ्याचं नाव सटवा, ते बी तसंच, सटवाईला मागून घेतलेलं. त्याला जाऊन तीन वर्सं झाली.

औंदा नातवाचं, सोमेश्वरचं, लगीन ठरलं. पोराचं चौसाळ्याला मोबाईलचं दुकान. पोरगी बीडची, ऋतुजा, कॉलेज शिकलेली. साखरपुडा झाल्यावर दोघांना बीडला पिच्चरला जायाचं व्हतं, पर पोरीचा बाप म्हणला, संगं थोर माणूस पायजे. मग सोमेश्वर आज्जीकडं आला. आज्जी कवाच तयार.

पिच्चर हसायचा व्हता. पहिलं अर्ध कडूबाई हसली बी. एक पुढारी खुर्चीत अडकतो आन खुर्ची घेऊनच भाषणाला उभा राहतो, तिथं तर तिच्या डोळ्याला पाणी आलं. मग पडद्यावर आली एक मोलकरीण. दात पुढं, डोक्यावर तेल थापलेलं. नाव काय, तर कडूबाई. तिनं च्या आणला की हिरो थुकायचा आन म्हणायचा, जसं नाव तसा च्या. लोकं शिट्ट्या मारीत व्हती. सोमेश्वर बी खदाखदा हसला. ऋतुजा हसता हसता त्याला म्हणली, "असं खरंच नाव असतं का हो कुणाचं? आजींचं नाव काय?"

"कमल," सोमेश्वर म्हणला.

आज्जी बाजूच्याच खुर्चीत. तिनं लाह्यांचा पुडा खाली ठिवला. पर व्हणाऱ्या नातसुनंम्होरं नातवाचं पाणी उतरवू नये, एवढं तिला कळत व्हतं. 

पिच्चर सुटला, ऋतुजा रिक्षानं घरी गेली. नांदूरघाटची गाडी सहाला. सोमेश्वरनं लाडीगोडी लावली, "आज्जे, दुसरा लागलाय. भुताचा, जादूचा. बघायचा का?"

"चल," कडूबाई म्हणली. "एकानं नाव खाल्लं, दुसरा काय खातोय बघू."

दुसऱ्या पिच्चरात नुसता अंधार. काळं रान, निळा उजेड, आन झाडाला उलटी टांगलेली एक बाई, हातभर नखांची. ती पाळण्यातली लेकरं खायची. अर्ध्या पिच्चरात तिचं नाव सांगितलं. सटवाई.

"ही सटवाई व्हय?" कडूबाई मोठ्यानं म्हणली. "जी लेकराच्या कपाळावर लिव्हती, ती लेकरू खाईल कावून?"

मागून एकजण म्हणला, "ओ मावशी, हळू."

"हळू त्या पिच्चरवाल्याला सांग की. एवढं गाव दाखिवलं, आन कुत्रं एक बी न्हाई. रानात काय बी आलं तर आदी कुत्रं उठतं. ह्यांनी रात कवा पायलीच न्हाई. एक ती लेकरू हुडकणारी माय तेवढी बरी हाय. कमी बोलती."

गाडीत बसल्यावर तिनं सोमेश्वरकडं तोंड केलं. "कमल कोण रे?"

"आज्जे, ती हसली असती."

"तू आदी हसलास."

त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. कडूबाईला वाटलं, पोरगं खजील झालं, आता सुधरंल. पर पंधरा दिसांनी लग्नाची पत्रिका छापून आली. गावभर वाटून झाली, मग घरात आली. तिला कुठं वाचता येतंय, नात मोहिनीनं वाचली. कै. सत्यवान व श्रीमती कमलबाई यांचा नातू.

कडूबाई उठली ती थेट सोमेश्वरम्होरं. "माझं बदललंस, ते मी भांडून घीन. मेलेल्याचं कावून बदललं? त्यो कुठं भांडायला येतो?"

"पावण्यात हसू व्हतं आज्जे. समद्यांनी पिच्चर पायलाय."

"व्हऊ दे. चार लेकरं पुरून माझ्या मायनं हे नाव ठिवलं, तुझ्या पावण्याला इचारून न्हाई. आता कमलला बोलिवलंय ना लग्नाला? मग आण तिलाच."

लग्नाला ती गेली. नातवाचं लगीन, न जाऊन कसं भागंल. पर म्होरच्या रांगेत बसली ती ओठ आवळून. अक्षता पडल्या, सत्कार सुरू झाले. माईकवर पंडित नावाचा माणूस, बीडचाच, पत्रिका हातात धरून एकेक नाव पुकारीत व्हता. "नवरदेवाच्या आजी कमलबाई यांनी स्टेजवर यावं."

कडूबाई हलली न्हाई.

"कमलबाई कुठं असतील तिथून स्टेजकडं यावं." तिसऱ्यांदा पुकारलं. बाया तिला कोपरानं ढोसाय लागल्या. कडूबाई म्हणली, "मला काय ढोसता? कमलला हुडका."

पावणे वळून वळून बघाय लागले. ऋतुजानं मुंडावळ्या सावरीत नवऱ्याला हळूच इचारलं, "आजी का येत नाहीत?" सोमेश्वर उठला. त्यानं पंडितच्या हातातून माईक घेतला.  म्होरं बीडचे सगळे पावणे, बाजूला ऋतुजा.

"माझी आज्जी," त्यो हळूच म्हणला, "कडूबाई सटवा. आज्जे, ये."

मागं एकदोघं खुसखुसली. ऋतुजा हसली न्हाई. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आन सोमेश्वरला तिकडं बघवंना.

कडूबाई उठली, पदर खोचला, सावकास पायऱ्या चढली. नारळ घेतला, दोघांच्या डोक्यावर हात ठिवला. राग काय उतरला नव्हता, हात जरा जडच पडला. खाली उतरायच्या आदी ती नातवाला म्हणली, "आजून एकदा म्हण. तिकडं सैपाकापातुर आयकू गेलं न्हाई."