झटका मशीन चालूच होतं

हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नाही. तसं माझं सगळं गावाला माहीत — स्वतःच्या लग्नात घोड्यावरून पडलो तेसुद्धा. मीच सांगत फिरतो, लोक हसतात. हे मात्र पोटातच ठेवलं. का? यात हसायला काही नाही म्हणून.

ब्राह्मणपुरीला माझ्या पपईच्या शेताशेजारी ताऱ्यांवर संशोधन करणाऱ्या एका ताईनं अँटेना उभ्या केल्या होत्या. मी अंगठेबहाद्दर, पण तिनं समजावलं — एक मेलेला तारा शेजारच्या ताऱ्याला ओढून खातो, आणि खाता खाता दोन्ही बाजूंनी पिचकाऱ्या मारतो. मी म्हटलं, आमच्याकडे पान खाणारे एकाच बाजूनं मारतात. खूप हसली. असे तारे थोडेच सापडलेत म्हणे. वरून उपग्रह एक्स-रे बघणार, खालून ताई रेडिओ ऐकणार. दोन्हीकडे एकदमच भडका दिसला, तर अशातला आणखी एक तारा सापडला. तीन वर्षं ती अशा एकाच ताऱ्याच्या मागे होती.

तिनं एकच मागितलं — रानडुकरं शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन उपग्रह बघेल तो एक दिवस बंद ठेवा, त्याची टकटक अँटेनात शिरते. मी शब्द दिला.

आणि त्याच दिवशी सकाळी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला गेलो. विसरलो? नाही... बसमध्ये आठवलं होतं. म्हटलं, एवढ्याशा टकटकीनं आभाळाचं काय बिघडतं? उतरलो नाही.

संध्याकाळी आलो तर मशीन — टक... टक... गुपचूप बंद केलं. मागोमाग ताई आली. एक्स-रेत भडका आला होता, तिच्याकडे नुसती टकटक.

"दादा, मशीन बंद होतं ना?"

"आईशप्पथ, ताई."

तिनं पुन्हा विचारलं नाही. "माझ्याच अँटेनाच्या बॅटरीची जोडणी चुकली असेल," म्हणाली. तेच तिनं तिच्या सरांना कळवलं. काम दुसऱ्याला गेलं.

बायको तेवढी बोलली, "खोटं बोलले ना तुम्ही?" मी तिला हसवायला गेलो. ती हसली नाही.

अँटेनांचे खांब उपटायला मीच मदत केली. लग्नातल्या घोड्याचा किस्सा सांगितला — ताई डोळे पुसत हसली. म्हणाली, दादा, तुमच्यामुळे इथं बरं वाटलं.

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं — मी दुसरा किस्सा सुरू केला.