आम्रपाली चौथ्या शीलापाशी थांबली

ललिता मेश्रामइतकं सफाईदार खोटं बोलणारी बाई आमच्या वारासिवनीत दुसरी नव्हती. निंदा म्हणून सांगत नाही. मी तिचा शेजारी आणि निवृत्त मास्तर, आयुष्यभर पोरांच्या सबबी ऐकलेला माणूस. तिचा नवरा टिकाराम राईस मिलमध्ये मशीन चालवतो. कारागीर पक्का, पण संध्याकाळी मोहाची दारू पोटात गेली की दुसऱ्या दिवशी उठायचं नाव नाही. मग सकाळी आठला ललिता मिलच्या मुनीमजींना फोन लावायची. कधी ताप, कधी पोटदुखी, कधी गोंदियाच्या काकांची मयत. टिकारामला गोंदियात काका एकच, त्यांना तिनं दोन वर्षांत दोनदा पोचवलं. मुनीमजी दोन्ही वेळा हळहळले.

ती अंगणवाडीत सहायिका. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळायची, आणि घरात आरडाओरडा सुरू झाला की टीव्हीचा आवाज वाढवायची. बाईनं घर धरून ठेवलं, असं मोहल्ल्यात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि आता त्याबद्दल मला स्वतःचाच राग येतो. कारण ती एकटी धरून नव्हती. सोबत तिची पोरगी होती, आम्रपाली, वय वर्षं बारा. मिलचा माणूस दारात आला की पप्पा दवाखान्यात गेलेत असं सांगून मोकळी व्हायची ती हीच. संध्याकाळी पुस्तक उघडून बसायची, पण कान फाटकाकडे. सायकल कशी टेकली यावरून बापानं किती घेतली ते तिला कळायचं. पाढे मात्र विसरायला लागली होती. मी तिला त्यावरून रागावलोसुद्धा.

रविवारी विहारात मी मुलांना वंदना शिकवतो. आमच्याकडे पौर्णिमेला एक मूल पुढे बसून पंचशील म्हणतं आणि सगळा मोहल्ला त्याच्यामागे म्हणतो. मागच्या आषाढी पौर्णिमेला पाळी आम्रपालीची होती. मला धास्ती पाचव्या शीलाची. ते दारू न पिण्याचं, आणि टिकाराम त्या दिवशी पांढरा शर्ट घालून पुरुषांच्या ओळीत बसणार. सगळ्यांच्या माना तिकडे वळतील. पाळी दुसऱ्या कुणाला देऊ का, असं मी ललिताला हळूच विचारलं. तिनं उडवून लावलं. पोरीचं तोंडपाठ आहे म्हणाली.

पहिली तीन शीलं आम्रपालीनं खणखणीत म्हटली. चौथ्याला थांबली. चौथं खोटं न बोलण्याचं. विसरली असेल म्हणून मी 'मुसावादा' असा शब्द पुरवला. तिनं मान हलवली. परत पुरवला, तर माझ्याकडे वळून बोलली, हळूच, पण विहारात ऐकू न गेलेला कुणी नव्हता.

"गुरुजी, हे मी कशी म्हनू? मी तं रोजच खोटं बोलून राह्यली. पाचवं पप्पाचं हाय, पन चौथं तं माहं हाय."

टिकारामनं मान खाली घातली ती वर केली नाही. ललिता उठली. मला वाटलं, पोरीला ओढत घरी नेते आता. पण ती पुढे येऊन पोरीच्या शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तिचं नाही गुरुजी, माहं हाय. मीच शिकवलं तिले."

उरलेली वंदना मी कशीबशी पुरी केली.

त्या दिवशी लाजेपायी टिकाराम जास्तच प्याला. दुसऱ्या दिवशी आठला ललितानं फोन लावला. मी कुंपणापाशीच होतो. ताप नाही, प्यायलेत, अजून शुद्धीवर नाहीत, एवढं सांगून तिनं फोन ठेवला. नोकरी जाणार याची मलाही खात्री होती. पण मुनीमजी आम्ही समजत होतो त्यापेक्षा हुशार निघाले. काका पहिल्यांदा वारले तेव्हापासूनच त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी निरोप धाडला की इलाज सुरू करून या, मशीन तुमचंच आहे. टिकाराम आठ दिवस बायकोशी बोलला नाही. नवव्या दिवशी माझ्याकडे आला आणि मी त्याला बालाघाटच्या दवाखान्यात घेऊन गेलो. ललिता आली नाही. त्यायचं त्यायले करू द्या, म्हणाली.

सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. मधे दोनदा पाय घसरला. दुसऱ्यांदा घसरला तो मार्चमध्ये. आम्रपाली माझ्या ओट्यावर गणितं सोडवत होती. दिवस मावळायच्या आधीच टिकाराम सायकल हातात धरून फाटकाशी येऊन उभा राहिला. कुणी काही विचारायच्या आतच बोलला.

"बेटा, आज घेतली मी. उद्या मिलमधून कोनी आलं तं खरं सांगून देजो."

आम्रपालीनं गणितावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं. "तुमीच सांगजा पप्पा. माहा उद्या पेपर हाय." आणि परत वहीत वाकली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरापूर्वी हीच पोरगी बापाची सायकल सावरायला धावली असती.

सकाळी टिकारामनं स्वतः फोन करून मुनीमजींना खरं सांगितलं आणि बालाघाटच्या बसमध्ये बसला. दुपारी परतून तो घराच्या पायरीवर बसला होता, तेवढ्यात आम्रपाली पेपर देऊन आली, ती दोन मैत्रिणींना घेऊनच. आजवर तिनं एकही मैत्रीण घरी आणली नव्हती. बापाला बसलेलं पाहून ती फाटकात क्षणभर अडखळली. मग मैत्रिणींना शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "ये मेरे पप्पा हैं।"

टिकाराम घाईघाईनं उठून उभा राहिला.