रविवारची गोळी

हौसामावशीला मी एकदा जवळजवळ मारलं होतं.

आज सकाळी ती गेली. पंचाहत्तरी ओलांडून, झोपेत, म्हातारपणाने. माझ्या गोळीने नाही. हे आधीच सांगते, कारण ती असती तर तिनेच हसत हसत सांगितलं असतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डी. फार्म. करून मी मुरबाडला एका मेडिकलच्या काउंटरवर नवीन लागले होते. शिंगं फुटलेली.

मावशी सुक्या मासळीवाली. सुकट, बोंबील, खारे बांगडे.

दोन्ही हातांना आमवात. सकाळी तासभर मूठ उघडायची नाही. तराजू सून धरायची.

कल्याणहून महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी तिला एक गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतणारी.

मावशीला वाचता येत नव्हतं. पण माझ्याकडे माझी खास ट्रिक होती ना!

"मावशी, बाजाराच्या दिवशी घ्यायची. बाजार चुकत नाही, तशी गोळी पण चुकणार नाही."

"बरं," ती म्हणाली.

दोन महिन्यांच्या आठ गोळ्या दिल्या.

बाराव्या दिवशी सुनेचा हात धरून आली. तोंडभर फोड. अंगात ताप. पाणी गिळवत नव्हतं. रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवली.

"संपल्या गो. दुसऱ्या दे."

"अगं मावशी, दोन महिन्यांच्या होत्या त्या!"

"तूच बोललीस ना, बाजाराच्या दिशी?"

आणि दुखऱ्या बोटांवर मोजायला लागली. सोमवारचा बाजार, मंगळवारचा, गुरुवारचा, शुक्रवारचा, शनिवारचा.

गावातल्या माणसाला आठवड्यातून एकच बाजार असतो. गावोगावच्या बाजारात धंदा करणारीला पाच. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी काउंटर सोडून त्यांच्यासोबत निघाले.

मावशी कल्याणला अ‍ॅडमिट. पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. मी डॉक्टरांसमोर आणि तिच्या मुलासमोर सांगितलं, चूक माझी आहे. मुलगा, प्रकाश, माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. त्याचं बरोबरच होतं.

दोन आठवड्यांनी ती जिवंत घरी आली. मी दुकानाच्या मागे जाऊन रडले.

पण बाजारभर झालं की ती गोळी विषारी आहे. प्रकाशने जाहीर केलं, आता कसलंच औषध नाही.

दोन महिन्यांत मावशीची बोटं आणखी आखडली. भाकरी थापता येईना.

एक दिवस ती एकटीच मेडिकलमध्ये आली. स्टुलावर बसली.

"खरं सांग. ती गोळी औषद हाय का विष?"

"औषध" म्हणून मोकळी झाले असते. पण एकदा अर्धवट सांगून बसले होते, म्हणून या वेळी सगळं सांगितलं.

या गोळीने सूज उतरू शकते. बोटं वाकडी व्हायची थांबू शकतात. पण लगेच नाही, दोन-तीन महिने लागतात. रक्ताला, लिव्हरला त्रास होऊ शकतो, म्हणून रक्त तपासत राहायचं. तोंड आलं किंवा ताप आला तर गोळी थांबवून लगेच यायचं. आणि काहीच नाही घेतलं, तर बोटं वाकडी होतील. ती मग सरळ होत नाहीत.

मावशी ऐकत होती. मग म्हणाली,

"म्हंजे मिठासारखं. खाऱ्या बांगड्याला कमी पडलं तर किडं, जास्त पडलं तर तोंडात घालवत नाय."

दोन वर्षांच्या डिप्लोमात मला हे इतकं सोपं करून कोणी शिकवलं नव्हतं.

रक्ताचे रिपोर्ट नीट आले. डॉक्टर हो म्हणाले. प्रकाश नाहीच म्हणत होता.

"बोटं माजी हायेत का तुजी?" मावशीने विचारलं.

मग माझ्याकडे वळून, "पन बाजार नको आता. रविवारी विहारात वंदना असते. तिथनं आल्याव घेन. बाजार पाच, विहार एकच."

झाली ती रविवारची गोळी.

चौथ्या महिन्यात मी मुद्दाम बाजारात गेले. मावशी स्वतःच्या हाताने तराजू धरून गिऱ्हाइकाशी भांडत होती. मला बघितलं आणि तराजू आणखी वर उचलला.

भर बाजारात नाचावंसं वाटलं मला!

त्यानंतर मावशीची ओपीडी सुरू झाली. बोंबलांच्या ढिगामागे.

बोटं चोळत कोणी बाई आली की आधी स्वतःच्या फोडांची गोष्ट, मग मूठ उघडून दाखवायची. "डॉक्टरला दाखव. पुडीवाल्याचं घेऊ नको, त्यात काय घातलंय ते त्यालाच ठावं नाय."

आणि आठवड्याची गोळी मिळालेली बाई भेटली, की एकच प्रश्न.

"तुज्याकडं आठवड्यातनं एकदाच काय होतं?"

सिद्धगडच्या पायथ्याची एक म्हणाली, लेक कामावरून घरी येतो.

सापगावची एक बराच विचार करून म्हणाली, नवरा दाढी करतो.

"नक्की एकदाच?"

"एकदाच गो."

"मंग ती दाढीची गोळी."

मलाही दम भरायची. "सांगितलं म्हंजे समजलं नाय गो पोरी. परत वदवून घे."

आता शहापूरला माझं स्वतःचं मेडिकल आहे. आजही प्रत्येक पेशंटकडून वदवून घेते. रांगेतले लोक वैतागतात. वैतागू देत. ती चूक माझ्या काउंटरवर पुन्हा झालेली नाही.

आज तिच्या घरी गेले. प्रकाशने स्वतः दारापर्यंत येऊन आत नेलं.

मी तिच्या हातांकडेच बघत राहिले. सांधे जरा जाड. पण बोटं सरळ. वीस-पंचवीस वर्षं तराजू धरलेली, भाकऱ्या थापलेली.

सुनेने गोळ्यांचा डबा आणून दाखवला.

काल रविवार होता.

कालची गोळी घेतलेली होती.

मावशी, एकही रविवार चुकवला नाहीस गो.

भावपूर्ण जय भीम.