तुळसाबाई जेवतील ना?

पुष्पलताबाईंना काळजी करायला कारण लागत नाही, असं त्यांचे यजमान धर्मेंद्रभाऊ नागपुरातल्या सगळ्या इंदोऱ्यात सांगत फिरतात. गॅस बंद केला तरी शेगडीच्या बटणावर पुन्हा हात फिरवायचा, कुलूप लावलं तरी ओढून बघायचं, पोरगी मेट्रोत बसली की ती उतरेपर्यंत फोन हातात धरून बसायचं. बी.ए. झालेल्या पुष्पलताबाई घरी ब्लाउज शिवतात आणि विहारातल्या महिला मंडळाचं काम बघतात. गल्लीत कोणाच्याही घरी कार्य असलं की भाजी पुरेल की नाही याचा घोर त्या आपल्याच जिवाला लावून घेतात. मग एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरल्यावर त्यांची झोप कुठं गेली असेल, ते सांगायला नको.

त्यात लेक ऋतुजा. कॉलेजात पर्यावरण शिकवते. साक्षगंध आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी तिनं जाहीर केलं, "मम्मी, लग्न झाल्यावर विहाराच्या मागं कचऱ्याचा ढीग नाही दिसला पाहिजे. फ्लेक्स नाही, थर्माकोल नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत."

"फ्लेक्स नाही?" धर्मेंद्रभाऊंचा चहा हातातच राहिला. "मंग लोकाईले कसं समजन का लग्न माह्या पोरीचं आहे?"

"पप्पा, तुमचा गॉगलवाला फोटो लागणार नाही म्हणून दुखून राहिलं ना तुम्हाला?"

"पाय वं पुष्पा, बापाले कशी बोलून राहिली!"

पुष्पलताबाई हसल्या, पण मनात हिशेब सुरू झाला. बाटल्या नाहीत, तर मे महिन्याच्या उन्हात वऱ्हाडाला पाणी कसं पुरेल? थर्माकोल नाही, तर स्टेज भकास दिसेल का? मुलाकडचे म्हणतील का, मुलीवाल्यांनी हात आखडला? तरी एकदा कामाला लागल्यावर त्या मागं राहिल्या नाहीत. ब्लाउजांच्या उरलेल्या कापडाची तोरणं त्यांनीच शिवली. उमरेडकडच्या बचत गटातल्या बायांकडे जाऊन पळसाच्या पत्रावळी ठरवून आल्या. पाण्यासाठी रांजण आणि मातीचे कुल्हड सांगितले. अक्षतांचा प्रश्न नव्हताच, आपल्याकडे फुलांच्या पाकळ्या. हळूहळू त्यांना या सगळ्याची गोडी लागली. गल्लीतल्या बाया यायच्या आणि त्या कौतुकानं पत्रावळ हातात देऊन म्हणायच्या, "पाहा ना वं, किती बारीक काड्या टोचल्या आहेत."

म्हणूनच मुलाकडचे लग्नाचं बोलायला हिंगण्याहून आले, तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं त्याच पत्रावळींवर नाश्ता मांडला. नवरा मुलगा संघपाल, त्याची आई सरिताताई आणि त्याची आजी तुळसाबाई. आजी म्हणजे पांढरं स्वच्छ लुगडं, ताठ कणा, कमी बोलणं. पुष्पलताबाईंनी पहिलं पान आजींपुढे ठेवलं. तर्री-पोहे वाढले, बाजूला कुल्हडात पाणी.

आजींनी पानाकडे पाहिलं. मग हात मांडीवर ठेवले, ते उचललेच नाहीत.

"घ्या ना आजी."

"पोट बरं नाही माहं."

संघपालनं दोनदा पोहे घेतले, सरिताताईंनी तोरणांची तारीफ केली, पण पुष्पलताबाईंचं लक्ष त्या न हललेल्या हातांवर. पाहुणे गेल्यावर त्यांनी ते पान उचललं. पोह्यांवरची तर्री थिजली होती.

"अजी, आजी काहून जेवल्या नसतील?"

"पोट बरं नव्हतं म्हणे ना त्याईचं."

"पोट बरं नव्हतं तर येताना रसवंतीवर थांबून रस कसा पेला? सरिताताईच सांगत होत्या."

धर्मेंद्रभाऊंनी कूलरमध्ये पाणी ओतता ओतता डोक्याला हात लावला. "तुह्या डोक्यात सीआयडीचं हापिस आहे का वं?"

दोन दिवसांनी सरिताताईंचा फोन आला. आवाज अवघडलेला. "ताई, रागावू नका. आजी म्हणून राहिली, मी लग्नाले येतो, पोराईच्या डोक्यावर हात ठेवतो, पण जेवणार नाही. कारण विचारलं तर सांगत नाही. मी काय करू?"

पुष्पलताबाई खुर्चीवर बसल्या. घरातली सर्वांत मोठी बाई लग्नात येते आणि उपाशी परत जाते! उद्या ऋतुजा त्या घरात नांदायला जाणार. आजीनं तोंडातून शब्द काढला नाही तरी सगळं हिंगणा बोलेल, हिच्या लग्नात म्हातारीच्या पोटात घास गेला नव्हता. पोरीच्या नावाला ते चिकटेल ते चिकटेलच. रात्रभर त्यांनी स्वतःचाच शोध घेतला. साडी आवडली नाही? बोलण्यात काही गेलं? पोह्यांत तेल जास्त झालं? सकाळी त्यांनी डबा भरून ठेवला, धर्मेंद्रभाऊंना सांगितलं, "मी जाऊन विचारते," आणि मेट्रो पकडली. पुढं ऑटो.

तुळसाबाई अंगणात कडुनिंबाखाली बसून जुन्या धोतरावर मुगवड्या घालत होत्या. पुष्पलताबाईंनी हात धुतले आणि विचारल्याशिवायच समोर बसून वड्या घालायला लागल्या. आजींनी एकदा पाहिलं. "बारीक घाल वं. सुकल्या का चुरा होते," एवढंच म्हणाल्या.

बरंच धोतर भरलं. मग पुष्पलताबाईंनी धीर केला. "आजी, माझ्याकडून काही चुकलं का?"

"तुह्याकडून काय चुकन? तू लहान आहेस." पिठातली बोटं थांबली नाहीत. "पान मांडलं ना तू माह्यासमोर?"

"हो."

"अन् मातीचा कप."

"हो आजी."

"आमच्या गावातल्या मालगुजाराच्या घरी लग्न राहे. मी एवढीशी. आमी गोठ्याच्या मागं बसू. साऱ्या पंगती उठल्या का मंग आमाले. पळसाचं पान. वाढणारा वरून टाके, पानात पडो का मातीत पडो. पाणी ओंजळीत, तेही वरून. चहा भेटला तर मातीच्या कपात. पेऊन झाला का तिथंच फोडून टाक म्हणे. काहून? तर आमचं तोंड लागलं होतं त्याले."

पुष्पलताबाईंच्या हातातली वडी हातातच राहिली.

"छप्पन साली बाप नागपूरले पायी गेला, दीक्षेले. परत आला तं हातात जर्मन धातूचं एक ताट. मायले म्हणे, आता आपण ताटात जेवू. एकच ताट. आमी साऱ्याईनं आळीपाळीनं जेवलो त्याच्यात. चिल्लेपिल्ले भांडलो, पयले कोण म्हणून." आजींच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं आणि गेलं. "अन् आता नातवाच्या लग्नात, आपल्याच माणसाईच्या घरी, शिकल्या-सवरलेल्याईच्या घरी, पुन्हा मले पान?"

"आजी, आमच्या मनात तसं..."

"नव्हतं. समजते मले. पोरगी गुणाची आहे, मी तिले काही बोलणार नाही. तुमी तुमच्या मनानं मांडा. फक्त माह्या हातानं त्या पानातला घास उचलला जाणार नाही."

राग असता तर बरं झालं असतं. रागाची समजूत घालता येते. पुष्पलताबाई मेट्रोच्या खिडकीशी बसून आल्या तेव्हा डोळ्यांपुढे स्वतःचे आजोबा होते. त्यांच्याकडूनही लहानपणी असंच काही ऐकलं होतं. पाणी, मंडप, तोरणं, स्टेज, जगातल्या सगळ्या काळज्या करून झाल्या, आणि नेमकी हीच कशी आठवली नाही?

घरी आल्यावर ऋतुजानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मम्मी, असं केलं तर? सगळ्यांना पत्रावळी, आणि आजींना तेवढं स्टीलचं ताट."

"एकटीले वेगळं भांडं?" पुष्पलताबाईंचा आवाज चढला. घरात त्यांचा आवाज कधी चढत नसे. "तेच तर केलं होतं त्याईनं!"

ऋतुजा एकदम लाल झाली. "मी असं नव्हतं म्हटलं."

"माहीत आहे बेटा."

आता ताटं आणायची कुठून? मांडव-भांडी भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्याकडे भर लग्नसराईत स्टील उरलेलंच नव्हतं. होतं ते सगळं एकदा जेवून फेकायचं, चमकीच्या कागदाचं आणि प्लॅस्टिकचं. "घेऊन टाका ना भाभी," तो म्हणाला, "एका दिवसाची तर गोष्ट आहे." पुष्पलताबाई क्षणभर डगमगल्यासुद्धा. लेकीचा शब्द मोठा की आजीचा घास? घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरातलं ताट जेवायला घेतलं आणि सवयीनं उलटं करून पाहिलं. काठाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: आयु. पुष्पलता हिस वडिलांकडून. त्यांच्या लग्नातलं.

त्यांनी ताट तसंच खाली ठेवलं आणि शेजारच्या चारुशीलाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, तुमच्या घरची ताटं देता का? ऋतुजाच्या लग्नात?"

"माझी?"

"सगळ्याईची. पहिले गल्लीत कार्य असलं की नव्हते का घराघरांतून ताटं गोळा करत? नावं कोरलेली राहतात, हरवत नाहीत. ज्याचं त्याले परत."

चारुशीलाबाईंनी डोळे बारीक केले. "देतो ना. पण माझ्या नणंदेनं दिलेली देतो. पोचा पडला तरी मले दुःख नाही."

बघता बघता ताटं यायला लागली. कोणाचं धाकट्याच्या नामकरणाचं, कोणाचं रिटायरमेंटला मिळालेलं, कोणाच्या सासूच्या स्मरणार्थ. पुष्पलताबाईंना मात्र नवी काळजी लागली. नळ सकाळीच येऊन जातो. एवढी ताटं धुवायची कशी? आणि धुवायची कोणी?

"मी तर मुलीचा बाप आहे," धर्मेंद्रभाऊ आधीच मागं सरकले.

"म्हणूनच तर. बाप नाही करणार तर कोण करणार?"

शेवटी धर्मेंद्रभाऊंच्या कंपनीतले मित्र रात्रपाळी संपवून येतो म्हणाले. ऋतुजानं ठरवलं, खरकटं आधी पुसून घ्यायचं, मग टबात धुवायचं आणि दुसऱ्या धुण्याचं पाणी विहाराच्या झाडांना. कुल्हड परत केले, पेले घरोघरचेच घेतले. पत्रावळी तेवढ्या परत करता आल्या नाहीत. त्या बायांनी मेहनत केली होती, पैसे देऊन झाले होते. त्यांचे गठ्ठे स्वयंपाकाच्या मंडपात ठेवले. लागल्या तर भांडी झाकायला, नाहीतर खताच्या खड्ड्यात.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मंडपाच्या बाहेर चप्पल काढून कोणी उभं राहू शकत नव्हतं. त्रिसरण-पंचशील झालं, ऋतुजा आणि संघपालनं एकमेकांना हार घातले, पाकळ्या पडल्या. सगळ्या बाया डोळे पुसत होत्या आणि पुष्पलताबाईंचे डोळे पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या लुगड्यावर. आजी सरबत प्यायल्या होत्या. पेल्यातून. ते जेवणात धरायचं की नाही?

पंगत बसली. पुष्पलताबाईंनी वडिलांकडचं ताट कोणाला दिलं नव्हतं. ते पदरानं पुसून स्वतः आजींपुढे ठेवलं आणि बाजूला झाल्या. बाजूला म्हणजे चार पावलं. हातात वांग्याच्या भाजीची बादली, पण वाढायचं सुचेना.

तुळसाबाईंनी दोन्ही बाजूंना पाहिलं. शेजारच्या बाईपुढे ताट, तिच्या शेजारच्या पोरापुढे ताट, पार टोकापर्यंत ताटंच. मग आपलं ताट उचललं, काठाशी धरलं आणि रात्रशाळेत शिकलेल्या माणसासारखं एकेक अक्षर लावत वाचलं. "आयु. पुष्प... लता." मान वर केली. "तुहं आहे हे?"

"हो आजी. बाबांनी दिलं होतं."

आजींनी ताट खाली ठेवलं. पेल्यातलं थोडं पाणी हातावर घेऊन त्यावरून फिरवलं. "मंग उभी काहून आहेस? वाढ ना. भाजी थंडी होऊन राहिली."

पुष्पलताबाईंनी वाढलं. जरा जास्तच वाढलं. आजींनी घास घेतला, चावला आणि म्हणाल्या, "तिखट कमी आहे." सरिताताईंनी कपाळाला हात लावला, पुष्पलताबाईंना मात्र वाटलं, याहून गोड असं आपल्याला आजवर कोणी काही बोललंच नसेल.

शेवटची पंगत उठेपर्यंत त्या फिरतच राहिल्या. धर्मेंद्रभाऊ बाह्या सरसावून टबाशी बसले होते आणि मित्रांना ओरडत होते, "नाव पाहून ठेव गा! त्या बाईचं ताट त्या बाईलेच गेलं पाहिजे, नाहीतर माहं घरात येणं बंद होईन!" मंडपामागं सावलीत आल्यावर पुष्पलताबाईंना एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ताटं सगळी टबात. त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रावळ ओढली, वरण-भात घेतला आणि जमिनीवरच बसल्या.

तेवढ्यात हात धुवायला आलेल्या तुळसाबाई समोर उभ्या. पुष्पलताबाईंना पान लपवायलाही जागा नव्हती.

"तू पानावर?"

"ताटं धुवायला गेली, आजी." मग त्या म्हणाल्या, "मले कोणी वाढलं नाही इथं. माझ्या हातानं घेतलं."

आजी गुडघ्यावर हात ठेवत सावकाश खाली बसल्या, गठ्ठ्यातली एक कोरी पत्रावळ उचलली, उलटीपालटी करून पाहिली, काड्यांवरून अंगठा फिरवला. पुष्पलताबाई बघत राहिल्या. ठेवतील? फेकतील?

आजींनी ती पत्रावळ हातात धरली आणि पुष्पलताबाईंच्या घामेजल्या तोंडाला वारा घालायला लागल्या.

"ह्या कामाले बरी आहे," त्या म्हणाल्या. "जेव आता. किती वाळली आहेस काळजी करू करू."