साहेब गाडीत, गाव फाट्यावर

आता तुमी हसालच, पण चहा येतवर ऐकून घ्या. माह्यासारखा भैताड माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही, हे मी सोताच कबूल करतो, म्हणजे तुमाले म्हणाची मेहनत नको.

त्या साली सोयाबीन काढणीवर आलं आन् पावसानं असं धरलं का शेंगाइले झाडावरच कोंब फुटले. पंचनाम्याचा शेवटचा दिवस उजाडला तरी आमच्या गावात कोणी फिरकलं नव्हतं. कृषी खात्याच्या साहेबाइचा निरोप आला, मी यायले तयार आहो, पण गाडी नाही. त्या दिवशी साहेब आले नाही तर पूर्‍या गावाची भरपाई बुडाली, येवढं सरळ होतं.

सरपंच शोभाताईनं मले सांगितलं, "सुधाकरभाऊ, गावात धड गाडी तुमचीच. साहेबाइले अमरावतीवून घेऊन या. आमी सारे सातबारे घेऊन फाट्यावर उभे राहतो."

आता माह्या गाडीचं सांगतो. डिझेल गाडी, नव्या जमान्याची, सेकंड हॅन्ड घेतलेली. आन् मी चालवतो कसा? चाळीसच्या वर काटा गेला का मले वाटते डिझेल नळीनं नाही, माह्या खिशातूनच जाऊन राह्यलं. चाळीसच्या स्पीडले पाचवा गिअर टाकतो. गावातले पोट्टे सायकलवर मले ओव्हरटेक करून टाटा करतात. करू द्या ना बाप्पा! डिझेलचे पैसे त्याइले द्या लागते का?

अमरावतीत साहेबाइच्या हापिसासमोर, त्याइले गाडी थंड भेटावी म्हणून, अर्धा घंटा इंजिन चालू ठेवून एसीत बसलो, आन् समोर काट्याजवळ एक पिवळा लाइट लागला. डब्ब्यात ठिपके भरावे तसं चित्र. माहे मिस्त्री म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातले सलीमभाई. त्याइले फोन लावला.

सलीमभाईनं नीट समजावलं. नव्या डिझेल गाडीले धुराच्या नळीत एक फिल्टर असते, ते काजळी धरून ठेवते. गाडी दमानं पळवली का फिल्टर तापते आन् काजळी आतल्या आत जळून जाते. हळू चालवली का साचतच जाते. म्हणे, साठच्या वर ठेवा, गिअर एक खालचा, वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, लाइट आपोआप जाईन. आन् मंग म्हणे, हे काम बार-बार अर्धवट सोडलं तर फिल्टरच बदला लागते. त्याची किंमत सांगितली त्याइनं. आइकून माहे कान असे बंद झाले का 'बार-बार' कुठच्या कुठी राह्यलं, ध्यानात येवढंच राह्यलं का मधात थांबलो तर मेलो.

साहेब येऊन बसले. साताऱ्याकडचे, तरणे, मोजून बोलणारे. बडनेरा सुटला आन् म्या गाडी ऐंशीवर घेतली. आयुष्यात पयल्यांदा! साहेबाइनं वरचं हँडल धरलं. पण दहा मिनिटं होत नाही तं समोर शेरड्याइचा कळप. स्पीड वीसवर. म्या मनात म्हटलं, गेलं सारं मुसळ केरात, आता पंचवीस मिनिटं पयल्यापासून मोजा.

तेवढ्यात आमचा फाटा आला.

अर्धं गाव उभं होतं हो. हातात सातबारे, शोभाताईच्या हातात शाल-नारळ. त्याइनं हात वर केला. म्या पण हात वर केला. आन् नव्वदच्या स्पीडनं पुढं निंगून गेलो.

साहेब म्हणाले, "अहो, ते लोक आपल्यासाठीच उभे होते ना?"

"हो साहेब. येतो ना आपण वापस. फक्त हा लाइट जाऊ द्या."

साहेबाइले लाइट तिकून दिसत नव्हता. रस्त्याले लागून माहं वावर आलं, म्या बोट दाखवून म्हटलं, हे आपलं.

मंग फोन सुरू झाले. आरशात पाह्यलं तं एक मोटारसायकल मांगं लागलेली, ते बी आमच्याच गावची. आता माही सासुरवाडी बोरगावची, त्याच रस्त्यावर अकोल्याच्या अलीकडे. गावानं पाच मिनिटात हिशोब लावला का सुधाकर साहेबाइले साळ्याच्या वावरात घेऊन चालला! शोभाताईचा फोन घेतला तं मांगून कोणीतरी ओरडत होतं, याले पयलेच बायकोचं ऐकाची सवय आहे म्हणून. सांगा, काय उत्तर द्यावं याले?

इकडे साहेबाइचा हिशोब वेगळाच. मूर्तिजापूर मांगं पडलं तसे ते सावरून बसले.

"हे बघा, मी कोणाच्या हॉटेलात जेवत नाही आणि पाकीट घेत नाही. तुम्ही चुकीच्या माणसाला गाडीत घातलंय."

मले रडू यावं का हसू यावं समजेना. म्हटलं, साहेब, पाकीट नाही हो, काजळी आहे. धुराच्या नळीत. जळून राह्यली. थांबलो तर वाया जाते.

त्याइनं माह्याकडे असं पाह्यलं, जसं पागल माणसाकडे पाहतात. मंग हळूच म्हणाले, "सुधाकरराव, हा अकोला जिल्हा आहे. इथं माझी सही चालत नाही."

गाव डोळ्यासमोर दिसे, पण तो पिवळा लाइट बी दिसे ना! अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करत बोरगाव आलं, आन् लाइट गेला. म्या देवाले हात जोडले, गाडी बाजूले घेतली आन् पयले सलीमभाईले फोन लावला, का बाप्पा, न थांबता काम फत्ते केलं, आपल्या जिल्ह्याच्या बाहेर आलो तरी थांबलो नाही.

सलीमभाई म्हणे, "तो रुक जाते ना भाऊ. घर जाते, शाम को फिर चला लेते. एक बार रुकने से क्या होता?"

फोन स्पीकरवर होता. साहेबाइनं सारं ऐकलं.

वापस येतवर ते घड्याळच पाहत राह्यले. फाट्यावर उतरलो तं शोभाताईनं नारळ माह्याकडे असा धरला का मले वाटलं आता डोक्यातच घालते. पण साहेब माणूस खरा. पँट वर घेतली, चिखलात उतरले, न जेवता एकेक वावर पाह्यलं. कोंब फुटलेल्या शेंगा हातानं सोलून पाह्यल्या, फोटो काढले. दिवस बुडेपर्यंत गावातलं एक नाव सोडलं नाही त्याइनं. लोकाइच्या जिवात जीव आला. मलेही बरं वाटलं, खोटं कशाले बोलू.

शेवटी म्या म्हटलं, "साहेब, माही तीन एकरं तेवढी राह्यली. हायवेले लागूनच आहे."

साहेब कागदं आवरत म्हणाले, "तुमचं पाहिलं की सकाळी. तुम्हीच बोट दाखवलंत, हे आपलं म्हणून. हिरवंगार होतं. तुमचं लिहून झालंय."

"साहेब, ते तण होतं! सोयाबीन खाली सडलं आहे त्याच्या!"

"असेल. नव्वदच्या वेगात मला दोन्ही सारखंच दिसलं."

अंधार पडला होता, फोटो निघाला नसता, आन् मुदत बी संपली होती. म्या म्हटलं, चला, तुमाले अमरावतीले सोडून देतो. साहेबाइनं हात जोडले आन् यष्टीची वाट पाहत फाट्यावर उभे राह्यले.

घरी आलो. बायकोनं पाणी दिलं आन् इचारलं, "साऱ्या गावाचं झालं म्हणते. आपलं काय झालं?"

म्या म्हटलं, "आपला लाइट गेला."