काचेतली माटवी

आमच्या घाटकोपरच्या चाळीचा टॉवर झाला आणि पार्किंगशेजारची एक खोली बिल्डरने कोकणातल्या रहिवाशांच्या मंडळाला दिली. मंडळाच्या सेक्रेटरीला लगेच संग्रहालयाचा झटका आला. 'आपल्या पूर्वजांचा वारसा' अशी पाटी लागली. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ गावच्या शेतात कधी उतरला नसेल, पण लोकांच्या घरातली जाती, रोवळ्या, शेवयांचे साचे 'समाजासाठी द्या' म्हणत उचलून न्यायला सर्वांत पुढे. मला तो तेव्हाही आवडत नव्हता, आजही आवडत नाही.

बाबांकडून त्याने माटवी नेली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळे, सुपारीचे घोस, काकड्या, कवंडळं बांधायची. बाबा गिरणीत लागले तेव्हा आजोबांनी ती गावाहून पाठवली होती आणि त्यानंतर आमची एकही चतुर्थी तिच्याशिवाय झाली नव्हती. म्हणून बाबांनी देतानाच बजावलं, "गणपतीत परत नेणार हां."

"अहो काका, तुमचीच वस्तू!" सेक्रेटरी म्हणाला होता.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी आणायला गेलो, तर साहेब खुर्चीतून उठेनात.

"अरे, याच दिवसांत तर लोक बघायला येतात. शोकेस रिकामी कशी ठेवू? तू मार्केटमधून रेडीमेड आण ना."

"बाबांना शब्द दिला होता तुम्ही."

"एकदा काचेत गेली की वस्तू समाजाची होते रे. एवढा इमोशनल नको होऊस."

माझं डोकंच फिरलं. मी काच सरकवली, माटवी खांद्यावर घेतली आणि पोलीस बोलवायचे तर बोलवा म्हणून चालू लागलो. तो लिफ्टपर्यंत ओरडत आला.

घरी बाबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि कोपऱ्यापाशी तो थांबला. दोऱ्या अडकवायची चारही कोपऱ्यांची टोकं गायब होती. शोकेसमध्ये मावत नव्हती म्हणून करवतीने सपाट उडवली होती, वर चकचकीत व्हार्निश. असा जपला होता वारसा!

"आता ही टांगूची कशी?" बाबा म्हणाले. गुळगुळीत लाकडावरून दोरी निसटत होती आणि सणाच्या तोंडावर सुतार मिळणं शक्यच नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे माझ्याने बघवेना.

चतुर्थीला माटवी भिंतीला टेकवून ठेवली आणि गणपती नुसत्या छताखाली बसला. संध्याकाळी मजल्यावरचे सगळे आरतीला आले. सेक्रेटरीही आला. आमच्यात भांडण असलं तरी आरती कोणी चुकवत नाही.

आरतीनंतर बाबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. देवाकडे काय ते मोठ्याने मागायचं आणि प्रत्येक मागणीला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमची रीत. पोरांना बुद्धी मागून झाली, कामधंद्याला बरकत मागून झाली. मग बाबांचा आवाज चढला.

"जेनी माज्या देवाची माटवी कापल्यान, तेच्या घरचो देव पण असोच काचेत कोंडून रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, मी सर्वांत मोठ्याने.

बाबा पुढे बोलेनात. ते वळले आणि नुसतेच हात जोडलेल्या सेक्रेटरीकडे बघत उभे राहिले. सगळेच त्याच्याकडे बघायला लागले. शेवटी त्यालाही म्हणावं लागलं.